शॉकपची दुसरी आवळणी

निवेदन करणार : माणिक शंकरराव ढवळे, वय वर्षे चोपन्न, शिक्षण नववी (अपूर्ण), धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण तहसील कचेरीसमोर, पालम, जिल्हा परभणी.

ज्याच्याबाबत निवेदन : मुंजाजी मिस्त्री, धंदा गाड्यांची दुरुस्ती, रा. पालम.

ज्याच्याविरुद्ध निवेदन : शेवटी नमूद केले आहे.

घटनेचा दिवस : काही वर्षांपूर्वी, पोळा होऊन दुसरा आठवडा, सोनपेठच्या बाजाराचा वार, सकाळची पहिली जीप.

साक्षीदार : एक, बळीराम, जीपचा मालक व चालक. दोन, गयाबाई, प्रवासी. तीन, निवेदन करणार स्वतः.

सोबत जोडलेला कागद : मूळ खुलाशाची कार्बन प्रत, पान एक.

या अंकाच्या संपादकांनी मला व्यवसायातील गमतीजमती लिहून पाठविण्यास सांगितले. गमतीजमती पुष्कळ आहेत. तथापि ज्या एका प्रकरणाचा निकाल कागदावर लागला आणि माझ्या मनात लागला नाही, तेच येथे मांडणे मला उचित वाटते. वाचकांपैकी कोणी मला ओळखत नसेल तर सांगतो की, पालममध्ये मला वकील म्हणतात. मी वकील नाही. सनद वगैरे मजजवळ काही नाही. एक टेबल, एक खुर्ची, समोरच्यासाठी एक बाकडे, कार्बन पेपर आणि चांगले अक्षर एवढ्या भांडवलावर मी सव्वीस वर्षे बसलो आहे. परंतु लोक वकील म्हणतात, आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलेले नाही.

आमच्या धंद्याबाबत बाहेरच्या माणसाचा गैरसमज असा की, आम्ही लिहितो. वस्तुतः आम्ही गाळतो. समोरचा माणूस बाकड्यावर बसून अर्धा तास बोलतो. त्यात सून येते, म्हैस येते, मेलेला चुलता येतो. त्यातून कामाची तीन वाक्ये काढून ती 'सबब' आणि 'तरी' या दोन खुंट्यांवर टांगायची, हे कौशल्य. हे शाळेत शिकवत नाहीत. मी शाळा लवकर सोडली त्यामुळे माझे या बाबतीत नुकसान झाले असे मला वाटत नाही.

माझे तीन नियम होते. पहिला, अर्ज एका पानाचा. दुसरा, ज्यात आपलीच चूक दिसेल असे एक अक्षरही लिहायचे नाही. तिसरा, अर्ज लिहिणारा साक्षीदार नसतो. त्याने काय पाहिले, काय ऐकले, याला किंमत नाही.

पहिला नियम मला चारठाण्याच्या एका म्हाताऱ्याने शिकविला. मी तेव्हा नवा होतो आणि जिंतूरला बसत असे. शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली अशी त्याची तक्रार होती. पण माणूस न्यायी. म्हणाला, "आधी त्याचं चांगलं काय हाय ते लिवा. मग वाईट लिवा. एकदम वाईट लिवलं तर देव बघायलाय." मी त्याच्या सांगण्याप्रमाणे चार पाने लिहिली. पहिल्या पानावर शेजाऱ्याने अडीअडचणीला बैल दिला, लग्नात आचारी आणला, मयतीला खांदा दिला, असे सर्व आले. भिंत तिसऱ्या पानावर उगवली. साहेबांनी पहिले पान वाचले आणि शेरा मारला की उभयपक्षी सलोखा दिसत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येतो. म्हातारा तो कागद घेऊन माझ्याकडे आला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, आता ह्यो कागद मी त्यालाच नेऊन दाखवतो. त्याला तरी बरं वाटंल." त्या दिवसापासून मी एका पानाच्या वर गेलो नाही. आजचे हे पहिलेच.

आता मूळ प्रकरणाकडे येतो. त्यासाठी गाडीबद्दल थोडे सांगणे भाग आहे.

जीपच्या दोन चाकांना जोडणारा जो आडवा लोखंडी दांडा असतो, त्याला मिस्त्री लोक एक्सल म्हणतात. बैलगाडीच्या भाषेत आस. या आसावर पाटे, म्हणजे लवचीक पोलादी पट्ट्या, असतात आणि पाट्यांवर गाडी. खड्डा आला की पाटे दबतात आणि पुन्हा वर येतात. ते एकदाच वर येऊन थांबत नाहीत, डोलतच राहतात. हे डोलणे थांबविण्यासाठी पितळी पिचकारीसारखी एक नळी, आत तेल भरलेली, आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये लावलेली असते. तिचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्याकडे तिला शॉकप म्हणतात. शॉकप नसलेल्या जीपमध्ये बसून पालमहून गंगाखेडला गेलेल्या माणसाला तिचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

शॉकपचे वरचे टोक सहसा त्रास देत नाही. खालचे टोक आसाला जेथे जोडलेले असते तो लोखंडी कान आमच्या रस्त्यांवर तीनचार वर्षांत तुटतो. मग बहुतेक मिस्त्री आसाला नवा कान वेल्डिंगने चिकटवून देतात. त्याला अर्धा दिवस जातो, लाईट नसली तर पूर्ण दिवस. शिवाय तापल्यामुळे आस त्या जागी कमजोर होतो, असे मुंजाजी म्हणत असे.

मुंजाजीचे घर मूळचे मेंढ्यांचे. बाप आणि चुलते रानोमाळ फिरत. हा एकटा लोखंडाकडे वळला. दिसायला किरकोळ, बोलणे कमी, आणि हातातला पान्हा खाली ठेवल्याशिवाय कोणाच्या प्रश्नाचे उत्तर देत नसे. त्याने वेल्डिंगला फाटा देणारी एक युक्ती काढली होती. लोखंडी पट्टीची दोन अर्धी कडी. एक आसाच्या वरून, एक खालून. दोन्हीच्या आतून जाड रबर. चार बोल्ट लावून कडी आवळली की आसाला घट्ट मिठी बसे, आणि त्या कड्यालाच शॉकप अडकविण्याचा कान, त्याच्याही आत रबर. तापवणे नाही, भोक पाडणे नाही. जुनी शॉकप काढण्यापासून नवी बसेपर्यंत त्याला सात मिनिटे लागत. मी स्वतः घड्याळ लावून पाहिले आहे.

जीपवाल्यांना सात मिनिटांचे अप्रूप का, हेही सांगतो. स्टँडबाहेर जीपगाड्या नंबराने लागतात. नंबर गेला की फेरी गेली. अर्धा दिवस गाडी मिस्त्रीकडे ठेवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून तुटलेल्या कानाचीच गाडी पळवतात. मुंजाजी मात्र रांगेतल्या गाडीखालीच शिरे आणि नंबर यायच्या आत बाहेर येई.

पण झटपट हा त्याच्या कामाचा अर्धा भाग होता. उरलेला अर्धा भाग लोकांना चेष्टेचा वाटे. बोल्ट बोटाने लावून झाले की तो गाडी जॅकवरून खाली घेई, आणि दिसेल त्या माणसाला गाडीत बसवी. माणसे बसल्यावर, गाडी दबल्यावर, मग तो खाली आडवा होऊन शेवटचे आवळे. माझे टेबल स्टँडच्या वाटेवर असल्याने मी कित्येकदा या कामी आलो आहे.

त्या दिवशीही तसेच झाले. बळीरामची जीप पहिल्या नंबरावर होती. बळीराम हा तोंडाने फटकळ, पण गाडी जपून चालविणारा माणूस. गाडीत चौघे बसले होते. त्यांत गयाबाई होती, सोनपेठच्या बाजारात केरसुण्या विकायला निघालेली. मुंजाजीने गाडीखालूनच मला हाक मारली.

"या की वकीलसाहेब. पाचवं माणूस कमी पडायलंय."

"मला कचेरीत काम आहे," मी म्हणालो.

"कचेरी कवा उघडतीय ते ठाव हाय आमाला. बसा."

"बसा बसा," गयाबाई सरकत म्हणाली. "तुमी एकटे बसले तर पाचवं आन् सहावं दोनी भागतंय."

मी बसलो. माझ्या देहयष्टीबद्दलचे हे उद्गार मी सव्वीस वर्षे सहन करीत आलो आहे. वेळ जावा म्हणून मी विचारले की, हे बसविण्याचे नेमके प्रयोजन काय. मुंजाजीने पान्हा छातीवर ठेवला आणि मग बोलला.

"गाडी हवेत असताना आवळलं की कानातलं रबर पिळून बसतंय. खाली आली की ते उलटं फिरायला बघतंय. दिसभर तसंच पिळतंय आन् एक दिवस फाटतंय. जेवढं वजन रोज बसायचंय तेवढं बसवून आवळलं की त्याला सुख लागतंय."

आवळून झाल्यावर त्याने खिशातून खडू काढला आणि प्रत्येक नटावरून कड्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तर रेघ मोडते. मग बाहेर येऊन बळीरामला म्हणाला, "गंगाखेडहून वापस आला की थांब. परत आवळावं लागतंय."

"आज वापस न्हाई. सोनपेठला जायलोय, तिथंच सासरवाडीला मुक्काम हाय."

"मग गंगाखेडला उतरून तूच आवळ. दोन मिनिटं लागत्येत."

"आरं, आता तर आवळलास की. तुझ्या हातावर तुझाच इस्वास न्हाई का?"

मुंजाजीने पान्हा बळीरामच्या हातात दिला. "मेंढ्याच्या गळ्यात घंटीचा पट्टा बांधला की दुसऱ्या दिशी ढिला लागतोय. पट्टा वाढत न्हाई, लोकर दबतीय. माझा बाप सकाळी उठून पयलं तेच बघायचा. हितं रबर हाय. ते बी दबतंय. गंगाखेडपर्यंत दबतंय, मग दबत न्हाई."

बळीरामने पान्हा सीटखाली टाकला. मी उतरलो आणि कचेरीकडे गेलो. हे संभाषण मी माझ्या कानांनी ऐकले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी आवळणी झाल्यावर मुंजाजी खडूच्या रेघेवर पिवळ्या ऑइलपेंटची रेघ ओढीत असे. पिवळी रेघ म्हणजे काम पुरे. त्यापूर्वी ते पुरे झाले असे तो मानीत नसे.

बळीराम गंगाखेडला थांबला नाही. सोनपेठच्या अलीकडे कडे सैल होऊन आसावर फिरले, शॉकपचे खालचे टोक सुटले आणि लोंबकळत ब्रेकच्या नळीवर आपटत राहिले. नळी फुटली, तेल गळाले. वळणावर बैलगाडी आडवी आली तेव्हा ब्रेक लागला नाही. बळीरामने गाडी बाभळीत घातली. बैलगाडी वाचली, जीपमधली माणसे खरचटण्यावर निभावली. गयाबाईचा उजवा हात मात्र मनगटात मोडला.

आठ दिवसांनी मुंजाजी माझ्या बाकड्यावर येऊन बसला. गाड्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याला खुलासा मागितला होता. विनापरवाना, वेल्डिंगशिवाय, कंपनीच्या नसलेल्या कड्यावर प्रवासी गाडीची शॉकप बसविली. त्याचे कारण काय. खुलासा समाधानकारक नसल्यास कडे बसविलेल्या एकाही गाडीला पास करणार नाही, असेही लिहिले होते. तालुक्यात तेव्हा त्याचे कडे लावलेल्या पुष्कळ गाड्या फिरत होत्या. म्हणजे प्रश्न एका शॉकपचा नव्हता. त्याचे सर्व काम, आणि त्या कामामुळे असलेले नाव, त्या कागदावर लटकले होते.

मी म्हणालो, "बोला."

"काय बोलू? दुसऱ्यांदा आवळलं न्हाई, म्हणून सुटलं. एवढंच लिवा."

"तेवढे लिहिता येणार नाही."

"का?"

"दुसऱ्यांदा आवळावे लागते असे लिहिले की पहिल्यांदा सैल ठेवले होते असे तुम्हीच कबूल केल्यासारखे होते."

"सैल नव्हतं. रबर दबतंय."

"साहेबास रबर कळणार नाही. साहेबास कागद कळतो."

तो बाकड्यावर पुढे सरकला. मग म्हणाला, "बळीरामला सांगितलं हुतं. पान्हा दिला हुता. तुमी तिथंच हुता की."

"मी लिहिणारा. लिहिणारा साक्षीदार नसतो," मी म्हणालो. "आणि बळीरामवर ढकलले तर तो उलटेल. जीपवाले सगळे एक होतील. तुम्ही तुमच्या कामाच्या गुणाचे सांगा. बाकीचे मजवर सोडा."

"तुमाला कळतंय," तो म्हणाला.

मी लिहिले. ते लिहिताना मला आनंद झाला हे मी नाकारीत नाही. खुलासा बरोबर एका पानात बसला. त्यातले मधले वाक्य, जे मी तेव्हा दोनदा मोठ्याने वाचून दाखविले, कार्बन प्रतीवरून जसेच्या तसे देतो : "सदर कारागीर हे काम अवघ्या सात मिनिटांत व इतके पक्के करतो की, एकदा बसविलेल्या जोडणीस पुन्हा हात लावण्याची गरज उरत नाही." बाकड्यावर बसलेल्या दुसऱ्या दोघांनी मान डोलावली. मुंजाजीने मान डोलावली नाही. त्याने विचारले, "गरज उरत न्हाई?" मी म्हणालो, "भाषेची पद्धत असते." त्याने सही केली. त्याला सहीपुरते लिहिता येते.

एका जीपवाल्याला ते वाक्य इतके आवडले की त्याने कागदाचा फोटो काढून त्यांच्या मोबाईलच्या ग्रुपवर टाकला. मला बऱ्याच लोकांनी थांबवून सांगितले की वकीलसाहेब, काय लिवलंय. मी त्यांना नम्रपणे उत्तर दिले.

सुनावणीस मी सोबत गेलो. पक्षकारासोबत जाणे हा माझ्या कामाचा भाग नाही. पण महत्त्वाच्या प्रकरणी मी जातो, आणि दाराशी उभा राहतो. बळीराम होता. गयाबाई गळ्यात हात बांधून बाहेरच्या बाकावर होती. तिला आत बोलावलेच नाही. मुंजाजीने पिशवीतून पिवळ्या रंगाची लहान डबी आणली होती. ती त्याने टेबलावर ठेवली.

साहेब सभ्य होते. त्यांनी विचारले, "हे काय?"

"दुसऱ्या आवळणीचा रंग हाय, सायेब. दुसऱ्यांदा आवळलं की रेघ वढतो. बळीरामच्या गाडीला पिवळी रेघ न्हाई. बघा तुमी."

साहेबांनी माझा कागद उचलला आणि ते वाक्य वाचले. माझे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, कचेरीत, ऐकण्याची ती पहिलीच वेळ नव्हती. पण इतके सावकाश वाचलेले मी कधी ऐकले नव्हते. मग ते म्हणाले, "पुन्हा हात लावण्याची गरज उरत नाही असे तुम्ही लेखी देता, आणि आता दुसऱ्यांदा आवळावे लागते म्हणता. यातले खरे कोणते? लिहिलेले की बोललेले?"

बळीराम खाली पाहत होता. मुंजाजीने मान वळवून दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता. एखादा बोल्ट हातात घेऊन तो बसेल की नाही हे तो जसे बघायचा, तसे पाहिले. एवढा वेळ त्याने मला दिला. मी आत जाऊन एक वाक्य बोललो असतो तर पुरे होते. मी तिथे होतो, मी ऐकले, ते वाक्य माझे आहे. यांतले काहीही. मी जागचा हललो नाही. तिसरा नियम.

मुंजाजी म्हणाला, "लिवलंय तेच धरा, सायेब."

त्याने डबी उचलून पिशवीत ठेवली. निकाल पंधरा दिवसांनी आला. कड्याची जोडणी असुरक्षित. प्रवासी गाड्यांवरून ती काढून टाकावी. सदर इसमाने यापुढे प्रवासी गाड्यांच्या आसाचे काम करू नये. साहेबांच्या निकालात मला आजही काही चुकीचे दिसत नाही. त्यांच्यासमोर जो कागद होता त्यावरून दुसरे काही निघत नव्हते.

मुंजाजीने जीपवाल्यांची कडी स्वतःच्या हाताने उतरवून दिली. सध्या तो फवारणीचे पंप आणि पेरणीयंत्रे दुरुस्त करतो. माझ्याकडे येणे त्याने बंद केले नाही. जाता-येता रामराम घालतो. मला तेच जड जाते.

हे असेच राहिले असते. परंतु यंदा उन्हाळ्यात बळीराम त्याची जुनी जीप विकण्याच्या कागदासाठी माझ्याकडे आला. गाडी साफ करताना सीटखाली त्याला तो पान्हा सापडला होता. त्याने तो फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला.

"वकीलसाहेब, ह्यो मुंजाजीला वापस द्या."

"तुम्हीच द्या."

"मला न्हाई जमायचं. गयाबाई बाजारात दिसली की मी दुसऱ्या बाजूनं जातो. डाव्या हातानं केरसुण्या बांधायलीय." मग त्याने बोट माझ्याकडे केले. "आन् तुमी काय कमी केलं? मी निस्ता गप बसलो. तुमी तर लिवून दिलं, हात लावायची गरज न्हाई म्हणून. त्या दिशी सायबानं वाचलं तवा मला वाटलं, चला, आपुन सुटलो."

सव्वीस वर्षांत माझ्या लिखाणाने कोणी सुटले असेल, पण असे कोणी सांगितले नव्हते. पान्हा घेऊन मी मुंजाजीकडे गेलो.

तो पंपाचे वायसर बदलत होता. मी पान्हा समोर ठेवला. त्याने तो उचलून पाहिला, गंज बोटाने पुसला आणि बाकीच्या पान्ह्यांत त्याच्या जागी ठेवला. ती जागा इतकी वर्षे रिकामी होती हे मला तेव्हा दिसले.

मी म्हणालो, "मिस्त्री, आपण फेरविचाराचा अर्ज करू. बळीराम सांगायला तयार होईल. गयाबाई आहे. मी आहे. चार पाने झाली तरी चालेल."

त्याने हातातले काम खाली ठेवले. "माझ्यासाठी नगं. माझं झालं. तुमी शेजारच्या तालुक्याच्या रस्त्याला गेलता का आत्ता?"

"नाही."

"तिथं एकानं माझं कडं करायला सुरुवात केलीय. पिकअपला बसवायलाय. चांगलं करतोय, हात चांगला हाय त्याचा. पर बोर्ड लावलाय." तो बोर्ड त्याने मला तोंडपाठ म्हणून दाखविला, आणि तो माझाच होता. सात मिनिटांत पक्के काम, पुन्हा हात लावण्याची गरज नाही. ग्रुपवरच्या फोटोतून ते वाक्य तिथे पोहोचले होते. "मी जाऊन सांगितलं त्याला. दुसऱ्यांदा आवळ म्हनलं. तो म्हनला, मामा, हे तुमीच लिवून दिलंय, फोटो हाय माझ्याकडं. मागं मजूर बसत्येत, वकीलसाहेब. पंधरा-पंधरा बाया बसत्येत निंदायला जाताना. ते वाक्य तेवढं काढा."

"सुटलेले वाक्य कसे काढणार?"

"ते तुमाला कळतंय," तो म्हणाला. हे शब्द मी त्याच्याकडून पूर्वी एकदा ऐकले होते.

निघताना त्याने विचारले, "लिवणार कवा?"

"आजच लिहितो आणि टपालात टाकतो."

"आज टाकू नका. लिवा आन् ठिवा. उद्या परत वाचा. मग टाका." तो पुन्हा पंपाकडे वळला. "त्या येळेला बी तुमी हवेतच आवळलं हुतं. मानसं बसवून बघायची हुती."

गयाबाई, बळीराम, तो साहेब, पिकअपमधल्या बाया, यांना त्या वाक्यावर बसवून पाहिले असते तर ते टिकले नसते, एवढे मला कळते. मी ते रिकाम्या गाडीवर आवळले होते आणि दोन जणांनी मान डोलावली म्हणून पक्के समजलो होतो.

त्या पिकअपवाल्या मिस्त्रीस मी स्वतंत्र पत्र दिले आहे. तो म्हणाला की, काका, तुमचं पत्र एक माणूस वाचतो, तुमचं वाक्य गावभर गेलंय. त्याचे म्हणणे वाजवी आहे. सबब हे निवेदन छापून येणे आवश्यक झाले.

तरी खालीलप्रमाणे विनंती करण्यात येते.

मुंजाजी मिस्त्री यांच्या नावे असलेल्या खुलाशातील पुन्हा हात लावण्याची गरज उरत नाही, हे वाक्य मुंजाजींचे नव्हते. ते माझे होते. ते खोटे होते. ते आजपासून रद्द समजावे. ज्या कोणाच्या गाडीच्या आसाला असे कडे असेल त्याने गाडीत नेहमीचे वजन बसवून ते आवळावे, पाचसहा कोस चालवून पुन्हा एकदा आवळावे, आणि मगच पिवळी रेघ ओढावी. जो कोणी प्रवासी, स्त्री वा पुरुष, अशा गाडीत बसेल त्याने बसण्यापूर्वी वाकून ती रेघ आहे की नाही हे पाहावे. विचारण्यास लाजू नये. ज्या अधिकाऱ्यांच्या हाती हे पडेल त्यांनी मुंजाजी मिस्त्री यांचे काम पुन्हा एकदा, गाडीत माणसे बसवून, तपासून पाहावे, आणि जे दिसेल ते लेखी कळवावे. उत्तर मजकडे पाठवू नये. मुंजाजींकडे पाठवावे. ते वाचून दाखविण्यासाठी मी जाईन, आणि त्यात जे लिहिले असेल तेवढेच वाचीन.

ज्याच्याविरुद्ध निवेदन : माणिक शंकरराव ढवळे, धंदा अर्जलेखन, रा. पालम.

वरील मजकूर मी काल लिहून ठेवला होता. आज पुन्हा वाचला. एका ठिकाणी मी निम्मा दोष बळीरामकडे सरकविला होता. ते वाक्य रात्रीतून सैल झालेले आढळले, म्हणून काढले. बाकीची जागची हललेली नाहीत. आता सही करतो.